डोंगर, ऊन आणि कॅमेरा

हल्ली कॅमेरा नाही असे घर उरलेले नाही. पूर्वी तो घरातल्या एखाद्या हौशी काकांकडे किंवा मामांकडे असे; कातडी पेटीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेला असे आणि लग्नमुंजीला किंवा सहलीला निघतानाच बाहेर येई. आता तो टेलिफोनच्या पोटात शिरून प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसला आहे. त्यामुळे सुट्टीत मंडळी कोठे फिरून आली, की येताना चारपाचशे फोटो घेऊन येतात आणि ते पाहण्याचा प्रसंग आपल्यावर येतो. ‘हा बघा महाबळेश्वरचा सूर्यास्त!’ असे यजमान म्हणतात. आपल्याला दिसतो तो एक तांबूस ठिपका आणि त्याच्याखाली काळोख. आपला चेहरा पाहून वहिनी घाईघाईने सांगतात, ‘प्रत्यक्षात फारच सुंदर होतं हो! फोटोत नाही आलं.’

वहिनींचे म्हणणे अगदी खरे असते. प्रत्यक्षात ते सुंदरच होते, आणि फोटोत ते आलेले नाही. असे का व्हावे?

याचे एक कारण आपल्या डोळ्यांत आहे. आपला डोळा मोठा लबाड आहे. उजळ आकाशाकडे पाहताना तो स्वतःला आवरून घेतो, काळोख्या दरीकडे वळला की विस्फारतो, आणि या दोन्ही पाहण्यांची मोट बांधून मन म्हणते, ‘वा! काय देखावा आहे!’ कॅमेऱ्याला ही सोय नाही. त्याला आकाश आणि दरी एकाच वेळी, एकाच मापाने पाहावी लागते. आकाश राखावे तर दरी काळी होते, आणि दरी उजळावी तर आकाश पांढरेफटक पडते. शिवाय त्या वेळी अंगावर येणारा वारा, ओल्या मातीचा वास, बरोबरच्या मुलांचा किलबिलाट आणि नुकताच प्यालेला गरम चहा, यांतले काहीच कॅमेऱ्याला कळत नाही. सुंदर वाटले ते या साऱ्याचे मिळून. फोटोत उतरते ते फक्त ऊन आणि सावली.

तेव्हा निसर्गाचा फोटो काढायचा म्हणजे आधी ऊन आणि सावली पाहायला शिकायचे. यंत्र त्यानंतरचे. सह्याद्रीत वर्षभराच्या निरनिराळ्या ऋतूंत कॅमेरा घेऊन हिंडताना हे शिक्षण कसे होते आणि त्यातून हाती काय लागते, ते सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

*

या छंदाचे पूर्वज कसे होते, ते आधी थोडे पाहू. म्हणजे आपले किती लाड चालले आहेत ते ध्यानात येईल. फोटो काढण्याची कला युरोपात १८३९ साली जाहीर झाली आणि मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. म्हणजे मराठी माणसाने हा नाद बराच लवकर लावून घेतला, असे म्हणायला हरकत नाही.

पण त्या काळी डोंगरात जाऊन फोटो काढणे म्हणजे काय होते, हे पाहायचे तर सॅम्युअल बोर्न या इंग्रजाची हकीकत ऐकावी. हा गृहस्थ १८६३ साली हिंदुस्थानात आला आणि पुढच्या तीन वर्षांत त्याने हिमालयात तीन मोठे प्रवास केले. तेव्हा फिल्म नव्हती. काचेच्या तावदानावर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरायचे, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळण्याच्या आत, म्हणजे दहापंधरा मिनिटांत, अंधाऱ्या तंबूत नेऊन धुऊन काढायची. म्हणजे जेथे फोटो तेथे तंबू. काचा, बाटल्या, पाणी, तंबू आणि भलाथोरला कॅमेरा वाहायला हमालांची रांग बरोबर. असा सगळा संसार घेऊन बोर्न १८६६ साली १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीवर पोहोचला आणि तेथील कडाक्याच्या थंडीत त्याने फोटो काढले.

आता विचार करा. एका फोटोसाठी एवढा खटाटोप करावा लागत असेल, तर माणूस तंबू ठोकण्यापूर्वी दहा वेळा विचार करील. ‘येथून चांगले दिसेल की त्या धोंड्यावरून? आता की तासाभराने?’ असे शंभर प्रश्न तो स्वतःला विचारील. हा विचार त्याच्याकडून त्याचे अवजडपण करून घेत असे. आपला कॅमेरा मुठीत मावतो, एका चिपेत हजारो फोटो राहतात आणि एकाही फोटोला दमडी पडत नाही. त्यामुळे तो विचार करण्याची सक्ती राहिलेली नाही; तो आपला आपणच करावा लागतो. मी म्हणतो, म्हणूनच ट्रायपॉड न्यावा. त्या तीन पायांनी कॅमेरा स्थिर राहतो हे तर आहेच, पण ते पाय उलगडून, रोवून, पातळीत आणीपर्यंत माणूसही जरा स्थिर होतो.

*

आता हरिश्चंद्रगडावर चला.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला हा गड आहे. उंची सुमारे १४२० मीटर. मुंबईहून जाणाऱ्याने इगतपुरी-घोटीवरून राजूर गाठावे आणि राजूरहून पाचनई. पाचनईची वाट सर्वांत सोपी. मुले आणि बेताच्या वजनाची प्रौढ माणसे अडीचतीन तासांत वर पोहोचतात. वर हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव मंदिर आहे. जवळच केदारेश्वराची गुहा आहे. तिच्यात कमरेइतक्या गार पाण्यात भलेमोठे शिवलिंग आहे, आणि भोवतीच्या चार खांबांपैकी आज एकच धड उभा आहे. हे सारे पाहून पश्चिमेकडे चालू लागले, की अर्ध्या तासात जमीन एकाएकी संपते. तो कोकणकडा.

हा कडा नुसता तुटलेला नाही, तो आत वळलेला आहे. घोड्याच्या नालासारखा अर्धगोल आकार, आणि पोटाशी नागफण्यासारखी खोबण. कडेला पालथे पडून डोके पुढे काढले, तर खाली थेट कोकणातली गावे आणि भाताची खाचरे दिसतात. खालून वारा इतक्या जोराने वर येतो, की टाकलेली हलकी वस्तू परत वर फेकली जाते. पोरांना हा खेळ फार आवडतो. त्यांना लांब धरून ठेवावे.

येथे दुपारी बाराला पोहोचलेला माणूस हमखास फोटो काढतो आणि हमखास निराश होतो. ऊन डोक्यावर असते, सावल्या पायाखाली लपलेल्या असतात, आणि सावली नसली की कड्याचा उंचसखलपणा दिसत नाही. तो एखाद्या जुन्या पडद्यासारखा सपाट वाटतो. तोच माणूस पाच वाजेपर्यंत थांबला तर? कडा पश्चिमेला तोंड करून आहे. कलते ऊन समोरून आणि किंचित बाजूने त्याच्यावर पडू लागते, आणि मग सह्याद्री आपली कुंडली उघडून दाखवतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांचा हा दख्खनचा दगड झाला. प्रत्येक थराची कड आता सोनेरी दिसते आणि तिच्याखाली सावलीची एक काळी रेघ उमटते. दुपारी जो कडा एक होता, तो संध्याकाळी पायऱ्यापायऱ्यांचा होतो. भूगोलाच्या पुस्तकात मुलांना जे समजत नाही, ते येथे एका संध्याकाळी समजते.

कड्याच्या प्रचंडपणाचे काय करावे? तो फोटोत येत नाही, अशी सर्वांची तक्रार असते. त्याला एकच उपाय आहे. अर्धगोलाच्या एका टोकाला आपण उभे राहावे आणि समोरच्या टोकाला, अर्थात कडेपासून सुरक्षित अंतरावर, आपल्या बरोबरच्या कोणाला तरी उभे करावे. फोटोत तो माणूस तिळाएवढा दिसतो. तीळ दिसला की डोळा आपोआप हिशेब करतो आणि कडा एकदम वाढतो.

एका सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही तिघे गडावर मुक्काम करून होतो. पाचनईचे एक वयस्क वाटाडे बरोबर होते. त्यांना आम्ही मामा म्हणत होतो. पहिली सकाळ धुक्यात गेली. कडा नाही, दरी नाही. दहा पावलांवरचा माणूसही नाही. आमच्यातल्या एका सद्गृहस्थांना मुंबईचे काम आठवू लागले. रात्री त्यांनी विचारले, “मामा, उद्या तरी उघडेल का हो?”

मामा चुलीत काटकी सारत म्हणाले, “डोंगराचं काय सांगावं, सर? सकाळच्याला कड्यावर जाऊन बसा. उघाडला तर उघाडला.”

दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडताच जाऊन बसलो. साडेसात वाजले, आठ वाजले. सारे पांढरे. मग पाठीमागून ऊब लागली. वरचे धुके फाटले, ऊन आमच्या पाठीवर पडले. पण दरी मात्र काठोकाठ ढगाने भरलेली होती. त्या ढगावर कड्याची सावली पडली होती आणि कडेवर आमच्या सावल्या. आमचे सद्गृहस्थ उठून उभे राहिले आणि ओरडले, “अरे, माझ्या डोक्याभोवती बघा!”

त्यांच्या सावलीच्या मस्तकाभोवती सप्तरंगी वर्तुळ उमटले होते. आत निळसर, बाहेर तांबूस, संपूर्ण गोल. मी म्हटले, “तुमच्या कुठे? ते माझ्या डोक्याभोवती आहे.” तिसरा म्हणाला, “तुम्ही दोघेही चुकताय.” त्या गडबडीत पुढे सरकलेल्या दोघांना मामांनी खांद्याला धरून मागे ओढले. “दगड शेवाळलाय. तिथनंच बघा, जागेवरनं.”

यालाच आपल्याकडे इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावर लिहिलेला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८३५ साली प्रसिद्ध झाला. हरिश्चंद्रगडाच्या संदर्भात या देखाव्याचे वर्णन करणारा म्हणून त्याचे नाव घेतले जाते. त्याचे शास्त्र असे की, पाठीशी तिरपा येणारा सूर्य आणि समोर खाली बारीक जलकणांचा ढग, अशी जुळणी झाली म्हणजे ते कण प्रकाश आल्या दिशेने परत फिरवतात आणि फिरवताना त्याचे रंग वेगळे होतात. वर्तुळाचा मध्य नेमका पाहणाऱ्याच्या डोक्याच्या सावलीवर असतो. म्हणून आम्ही तिघेही बरोबर होतो. प्रत्येकाला आपापले इंद्रवज्र दिसत होते. दुसऱ्याचे पाहण्याची सोयच नाही.

फोटो काढणाऱ्याला येथे एक गोष्ट ठाऊक असावी लागते. कॅमेऱ्याचे मापक समोरचे सारे जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. त्याच्यावर विसंबले तर पांढरा ढग मळक्या चादरीसारखा येतो. तेव्हा त्याने सांगितलेल्यापेक्षा थोडा अधिक प्रकाश आपण होऊन द्यायचा. हे आधी माहीत हवे, कारण तो सारा प्रकार पाचसहा मिनिटांत आटोपतो. मला फोटो तीन मिळाले. त्यांतला एक बरा आहे. पण मुंबईच्या कामाची आठवण होणारे आमचे सद्गृहस्थ त्यानंतर दोन वर्षे दर पावसाळ्यात गडावर जात राहिले, आणि त्यांच्याजवळ तर कॅमेराच नव्हता.

*

कोकणकड्यावर मान वर करून किंवा खाली वाकवून पाहायचे असते. कासच्या पठारावर गुडघे टेकावे लागतात.

साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून १२०० मीटरच्या आसपास हे पठार आहे. पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे. सपुष्प वनस्पतींच्या साडेआठशेच्या आसपास जाती येथे नोंदलेल्या आहेत. उन्हाळ्यात गेलात तर हे खरे वाटणार नाही. नुसता उघडा जांभा दगड, त्याच्यावर बोटभर माती आणि भणाणता वारा. पण ऑगस्ट सरत आला, की त्याच बोटभर मातीतून तेरड्याची गुलाबी, सोनकीची पिवळी, गेंदाची पांढरी आणि सीतेच्या आसवांची निळीजांभळी चादर उलगडते.

सगळे लोक या चादरीचा फोटो काढतात. तो काढावाही. पण त्यानंतर जरा एका जागी बसावे. सीतेची आसवे हे नाव किती हळवे आहे! आणि ही वनस्पती खरोखर काय करते, तर मांसाहार. जांभ्यावरच्या पातळ, धुपलेल्या मातीत नत्र फार थोडे. ते भरून काढायला तिने मुळांच्या जागी, ओल्या चिखलात सूक्ष्म फुगे बाळगले आहेत. एखादा जलकीटक फुग्याच्या दाराला शिवला, की दार उघडते, पाण्याबरोबर तो आत ओढला जातो आणि दार मिटते; आपल्या डोळ्याचे पाते लवते त्याच्या कितीतरी आधी. कोणत्याही कॅमेऱ्याच्या शटरने हेवा करावा असे हे दार आहे. तिच्याच शेजारी दवबिंदू नावाची दुसरी वनस्पती पानांवर चिकट थेंब मांडून माशांची वाट पाहत असते. ज्या नाजूक फुलाचा फोटो आपण दिवाणखान्यात लावणार, ते पोटासाठी काय करते हे माहीत झाल्यावर त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलते. फोटोही बदलतो, कारण मग आपण फूल वरून न टिपता त्याच्या पातळीला जाऊन, त्याच्या शेजाऱ्यांसकट टिपतो.

फुलांना डोंगरासारखे कलते ऊन लागत नाही. त्यांना ढगाळ आभाळ मानवते. ढगातून गाळून आलेल्या प्रकाशात पाकळीची शीर न् शीर दिसते; कडक उन्हात पिवळी फुले नुसती चकाकतात. अडचण असते ती वाऱ्याची. वीतभर देठावरचे फूल कासच्या वाऱ्यात क्षणभर स्थिर राहत नाही. अशा वेळी सौभाग्यवतींची छत्री आडोसा म्हणून उपयोगी पडते, आणि छत्री धरून उभे राहायला सौभाग्यवतीही. वारा दोन झुळकांच्या मध्ये थांबतो. तो थांबण्याची वाट पाहत डोळा कॅमेऱ्याला लावून दहा मिनिटे बसले, की भोवतालच्या मधमाश्या आपल्याला दगड समजून कामाला लागतात.

आणि येथेच पहिला कठीण प्रश्न पुढे येतो. फुलाच्या पातळीला जायचे, तर कोपर कोठे टेकायचे? कासला कोपर टेकाल तेथे काहीतरी उगवलेलेच असते. एका फुलाच्या फोटोसाठी दहा रोपे चिरडायची काय? पठारावर पायवाटा आखलेल्या आहेत आणि दिवसाकाठी ठरावीक लोकांनाच प्रवेश देण्याची पद्धत पडली आहे. ती पडावी लागली, कारण एका मोसमात हजारो पाय आणि कोपरे बोटभर मातीवरून फिरू लागली होती. पायवाटेच्या कडेला बसून हाताच्या अंतरावर जे दिसेल त्याचाच फोटो काढायचा, हा नियम मी पाळतो. माझा अनुभव असा, की हाताच्या अंतरात एक अख्खी सकाळ सहज पुरून उरते.

*

काही फुले तर दिवस आणि घटका पाहून येत नाहीत, वर्षे मोजून येतात. कारवी हे त्यांतले ठळक उदाहरण. कोकणात आणि मावळात कारवीच्या काठ्यांचे कूड बांधून त्यांना मातीने लिंपत, म्हणून गावच्या माणसाला तिची ओळख भिंतीतून होते. हे झुडूप सात वर्षे नुसते पाने घालते आणि आठव्या वर्षी पावसाळा सरता सरता डोंगरच्या डोंगर निळेजांभळे करून टाकते. मग बी धरून मरते. मुंबईजवळच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८ साली फुलली, २०१६ साली फुलली आणि २०२४ साली फुलली. आता २०३२.

हा हिशेब मनात आला, की कॅमेरा घेतलेला माणूस गंभीर होतो. पुढच्या बहरापर्यंत शाळेत जाणारी कन्या कॉलेजात गेलेली असेल. गुडघे तर खात्रीने अधिक कुरकुरत असतील. एका आयुष्यात कारवीचे असे बहर किती वाट्याला यावेत? फार तर आठनऊ. त्यांतले लहानपणीचे कळत नाहीत आणि म्हातारपणीचे गाठता येत नाहीत. उरलेल्या चारपाचांत पाऊस लांबला, रजा मिळाली नाही, घरात आजारपण निघाले, असे एखादे जायचेच. म्हणून निसर्गाचे फोटो काढणाऱ्याच्या भिंतीवर पंचांग असावे लागते. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ हे १९५६ सालचे पुस्तक महिन्यामहिन्यांनी मांडले आहे. कोणत्या महिन्यात कोणते झाड काय करते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी टिपून ठेवले. तशी एक वही प्रत्येक छायाचित्रकाराने ठेवावी. दोनचार वर्षांनी ती वही फोटोंपेक्षा मोलाची वाटू लागते.

*

आता उन्हाळ्याचे शेवटचे दिवस. मे महिना संपत आलेला, वळवाच्या एकदोन सरी पडून गेलेल्या, आणि भंडारदऱ्याच्या आसपासच्या रानात काळोख पडला आहे. आठच्या सुमारास एखाद्या हिरड्यावर एक ठिणगी लुकलुकते. मग दहा, मग शंभर. मग झाडच्या झाड उजळते आणि विझते, उजळते आणि विझते. काजव्यांचा हा सोहळा पाहायला आता मुंबई-पुण्याहून गाड्यांच्या रांगा लागतात.

याचा फोटो कसा काढतात ते सांगतो. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा, भिंग पूर्ण उघडायचे आणि वीसतीस सेकंदांचे फोटो एकामागून एक घेत तासभर बसायचे. मग घरी ते सारे एकावर एक रचायचे. फोटोत जे हजारो काजवे दिसतात, ते कोणाच्याही डोळ्याला एका क्षणी दिसलेले नसतात. तो तासाभराच्या लुकलुकण्याचा हिशेब असतो. असा फोटो दाखवताना हे सांगून टाकावे. नाहीतर पुढच्या वर्षी तेथे गेलेली मुले म्हणतात, ‘बाबा, फोटोतल्याएवढे कुठे आहेत?’ आणि समोरच्या खऱ्या काजव्यांची किंमत कमी होते.

पण खरा प्रश्न याहून मोठा आहे. काजव्याचा उजेड आपल्यासाठी नाही. उडणारा नर लुकलुकून साद घालतो आणि झुडपात बसलेली मादी लुकलुकून प्रतिसाद देते. बराच काळ अळी होऊन मातीत काढल्यावर पंख फुटलेल्या काजव्याला जेमतेम दोनतीन आठवड्यांचे आयुष्य मिळते. तेवढ्यात जोडीदार सापडला तर पुढल्या वर्षी काजवे. आपल्या गाडीचे दिवे, हातातली बॅटरी, टेलिफोनचा झगझगीत पडदा यांपैकी काहीही मध्ये आले, की ती बारीक साद दिसत नाही. गर्दी वाढू लागल्यावर वनखात्याला वेळेचे आणि वाहनांचे निर्बंध घालावे लागले, ते याच कारणाने.

भंडारदऱ्याजवळच्या एका वाडीत मी फोटोची तयारी करून बसलो होतो. शेजारी पुण्याचे एक कुटुंब होते. आई, वडील, आजी आणि आठनऊ वर्षांचा मुलगा. मुलाने बॅटरी लावली. आजींनी ती शांतपणे त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, “विझव रे राजा. त्यांच्या घरी आलोय आपण.” आजींनी हे कीटकशास्त्राचे पुस्तक वाचून सांगितले नव्हते. पण या विषयावर मी जे वाचले आहे, त्याचे सार याहून वेगळे नाही.

*

फोटोने निसर्गाचे भले होते की बुरे? दोन्हींचे दाखले आहेत. अमेरिकेत १८७१ साली विल्यम हेन्री जॅक्सन याने यलोस्टोन खोऱ्यातल्या उष्ण झऱ्यांचे आणि धबधब्यांचे फोटो काढले. इतर पुराव्यांबरोबर ते कायदेमंडळाच्या सभासदांपुढे गेले, आणि १८७२ साली त्या प्रदेशाचे राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे अॅन्सेल अॅडम्स या थोर छायाचित्रकाराने सिएरा नेवाडा पर्वताचे फोटो १९३८ साली पुस्तकरूपाने काढले. किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान १९४० साली झाले, त्या चळवळीला या पुस्तकाचे मोठे साहाय्य झाले. फोटो पाहून माणसांनी डोंगर राखले, ते असे. आणि आपल्याकडे एखाद्या धबधब्याचा किंवा पठाराचा सुरेख फोटो प्रसिद्ध झाला, की पुढच्या रविवारी तेथे वाहने उभी करायला जागा उरत नाही आणि सोमवारी प्लॅस्टिकच्या पिशव्या वेचायला माणूस सापडत नाही. फोटो पाहून माणसांनी डोंगर तुडवले, तेही असे.

मला वाटते, फरक पडतो तो फोटोच्या मागच्या माणसाने किती वेळ दिला होता यावर. अॅडम्स त्या पर्वतात दरवर्षी जाऊन राहत असे. योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचा त्याचा प्रसिद्ध फोटो १९२७ सालचा. पहिला फोटो पिवळ्या फिल्टरमधून घेतल्यावर त्याच्या ध्यानात आले, की कड्यापुढे उभे राहून आपल्याला जे वाटते आहे ते यात यायचे नाही. उरलेली शेवटची काच त्याने गडद लाल फिल्टर लावून वापरली. निळे आकाश जवळजवळ काळे झाले आणि कडा त्याच्यापुढे धीरगंभीर उभा राहिला. एकच काच उरलेली असताना हा निर्णय घ्यायला कडा आधी पुरता ओळखीचा असावा लागतो. ज्याला एखाद्या जागेची अशी ओळख झाली आहे, तो त्या जागेचा पत्ता लोकांना देताना तिची रीतभातही सांगतो. आणि एखाद्या वेळी पत्ता देतही नाही. दुर्मिळ आमरीचे फूल कोठे आहे हे न सांगता तिचा फोटो दाखवण्याची पद्धत जाणत्या छायाचित्रकारांत आता रूढ होऊ लागली आहे. ती चांगली आहे.

या छंदाचा मोबदला काय, असे कोणी विचारील. पैशांच्या हिशेबात तो तोट्याचा धंदा आहे. पण एकाच टेकडीला दर ऋतूत गेलेल्या माणसाला हळूहळू त्या टेकडीचे घड्याळ कळू लागते. ऊन कोणत्या महिन्यात कोणत्या घळीत शिरते, पाऊस थांबल्यावर किती दिवस ओढा वाहतो, सावर कधी फुलते, शिकरा कोणत्या वाळक्या फांदीवर बसतो, हे त्याला घरच्या माणसांच्या सवयींसारखे पाठ होते. दहा वर्षांपूर्वीचा फोटो आणि यंदाचा फोटो शेजारी ठेवला, तर झाडे किती गेली आणि बंगले किती आले याचा बिनतोड पुरावा त्याच्या हाती असतो. शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना एवढ्या जवळची अशी दुसरी जमीन कोठे मिळणार?

तेव्हा या सुट्टीत घराजवळच्याच एखाद्या टेकडीवर जावे. त्यासाठी हरिश्चंद्रगडच हवा असे नाही. पावसाने धुतलेली हवा या दिवसांत अजून स्वच्छ असते; माघ-फाल्गुनापासून धूळ आणि वणव्यांचा धूर चढू लागला, की दूरचे डोंगर पुसट होतात. सूर्योदयाआधी अर्धा तास वर पोहोचावे. एकामागे एक डोंगरांच्या रांगा जवळून लांब निळ्या, फिक्या निळ्या, मग जवळजवळ आभाळाच्या रंगाच्या होत जातात. ती मधल्या हवेची किमया. मुलांना त्या रांगा मोजायला सांगावे. घरातल्या वडील माणसाला बसायला बरासा दगड शोधून द्यावा. थर्मासमधला चहा सर्वांना मिळेपर्यंत कोणीही कॅमेरा बाहेर काढू नये.

त्यानंतर ऊन वर येईल. मग एकच फोटो काढावा, आणि तो कशाचा काढायचा हे घरातल्या सर्वांत धाकट्याला ठरवू द्यावे.